पिल्लांचे अंथरूण

जळगाव-धुळ्याकडच्या आठवडे बाजारात टोपलीभर कोंबडीची पिल्ले विकायला आली, की मुले तिथून हलत नाहीत. हट्टापायी पाच-सहा पिल्ले घरी येतात. त्यांना खोके मिळते, पाणी मिळते, कण्या मिळतात. आणि तरी आठवडा उलटायच्या आत खोके रिकामे होते. मुले रडतात, आपण ‘दृष्ट लागली’ म्हणून मोकळे होतो. पण खोक्यात खाली काय पसरले होते, हे सहसा कोणी पाहत नाही. आज तेवढेच पाहू.

एक दिवसाच्या पिल्लाचे वजन ते काय, तर सुमारे ४० ग्रॅम. ते अंथरुणावर चालते, त्याच्यालगतच श्वास घेते, आणि दिसेल त्यावर चोच मारून खाणे कोणते ते शिकते. म्हणजे अंथरूण हेच त्याचे ताटही झाले! म्हणून तीन प्रश्न विचारावेत. हे पोटात गेले तर चालेल काय? याची धूळ नाकात जाईल काय? यावर पाय टिकेल काय?

आता एकेक वस्तू या कसोटीला लावू. लाकडाच्या वखारीतला बारीक भुसा फुकट मिळतो खरा, पण पिल्लाला तो कणीसारखाच दिसतो. पोट भुशाने भरते आणि पिल्लू भरल्या पोटी उपाशी राहते. शिवाय धूळ छातीत जाते, ती वेगळीच. कापूस तर आपल्या खानदेशात घरोघर! मऊ म्हणून आपण तो घालतो. पण त्याचे तंतू बोटांना गुंडाळतात. वर्तमानपत्राचा नुसता गुळगुळीत कागद पसरला, तर पाय घसरून फाकतात आणि वेळीच न सावरल्यास पिल्लू कायमचे अधू होते.

भुईमुगाची टरफले भरड कुटून, खडखडीत वाळवून वापरली तर चालतात. मात्र बुरशीचा वास आला, की ती फेकलीच पाहिजेत. १९६० साली इंग्लंडात लाखाच्यावर टर्की पक्षी मेले, तेव्हा दोष निघाला खाद्यातल्या बुरसलेल्या भुईमुगाच्या पेंडीचा. त्यातूनच पुढे ‘अफ्लाटॉक्सिन’ या विषाचा शोध लागला. आणि बुरशी नुसती हुंगली, तरी तिच्या बीजाणूंनी पिल्लांना फुप्फुसाचा रोग जडतो.

मग घालावे काय? भाताचे कोरडे, स्वच्छ तूस. त्याची दोन-तीन इंचांची गादी करावी, म्हणजे शहाबादी फरशीचा गारवाही वर येत नाही. पहिले दोन-तीन दिवस तुसावर चुरगळून सरळ केलेल्या कागदाचे थर घालावेत आणि रोज वरचा थर काढून टाकावा. खाणे कोणते ते पिल्लाला कळू लागले, की कागद काढावा.

गादी ठीक आहे की नाही, हे आपली मूठच सांगते. मूठभर तूस दाबून सोडा. गोळा तसाच राहिला, तर ओल जास्त. थोडे चिकटून मोडला, तर बरोबर. मुळीच चिकटला नाही आणि धूळ उडाली, तर फार कोरडे. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू बळावतात आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. खोक्यावर वाकताच आपले डोळे चुरचुरले, तर खाली बसलेल्या पिल्लाचे काय होत असेल?

एक गोष्ट शेवटी. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातल्या कोंबड्यांत बर्ड फ्लू प्रथम आढळला, तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. म्हणजे आपल्याच खानदेशात. हा रोग विष्ठेतून पसरतो आणि विष्ठा असते अंथरुणात. म्हणून गादी बदलल्यावर साबणाने हात धुवावेत, मुलांनाही धुवायला लावावेत. पक्षी अचानक मरू लागले, तर ती गादी उकिरड्यावर टाकू नये. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

पुढच्या बाजारी मुलांनी हट्ट धरला, तर अवश्य पुरवा. मात्र पिल्ले आणण्याआधी तूस आणा.