दोन ठिपके, चार नावं

कुही तालुक्यात अंभोऱ्याजवळ वैनगंगेच्या जाळ्यात रोहू-कटल्यासोबत बोटाएवढे रुपेरी मासेही येतात. बाजारात त्यांना मोल नाही. नागपूरच्या दुकानांत मात्र त्यांचेच भाऊबंद ‘बार्ब’ म्हणून काचेच्या टाकीत विकले जातात.

त्यातला एक ओल्या तळहातावर घेऊन भिंगाखाली धरला. कल्ल्यामागे एक काळा ठिपका, शेपटीच्या बुडाशी दुसरा, जरा मोठा. ओठाशी मिशा नाहीत. कुशीवरच्या खवल्यांवर बारीक छिद्रांची ओळ असते, ती पार्श्वरेषा. इथं ती थोड्याच खवल्यांनंतर थांबते. पाठीवरच्या पराचा पुढचा ताठ काटा मागच्या कडेनं चाचपला, तर नखाला दाते लागतात. हा पेथिया टिक्टो.

1822 साली फ्रान्सिस हॅमिल्टननं गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याला सायप्रिनस टिक्टो म्हटलं. पुढे तो बार्बस झाला, मग पुंटियस. पण पुंटियसमध्ये मिशांचे, बिनमिशांचे, दातेरी काट्याचे, बिनदातेरी, सगळेच कोंबलेले होते. 2012 मध्ये रोहन पेथियागोडा आणि सहकाऱ्यांनी सांगाडे आणि डीएनए तपासून दक्षिण आशियातल्या या माशांची नव्यानं विभागणी केली आणि टिक्टो पेथियात गेला. पुढच्याच वर्षी राजीव राघवन, नीलेश दहाणूकर आणि सहकाऱ्यांनी शौकिनांच्या लाडक्या ‘मिस केरळ’ माशाला सह्याद्रिया ही नवी प्रजाती दिली.

प्रजाती बदलली तरी जातीचं नाव, टिक्टो, कायम राहतं. मूळ नाव देणाऱ्या हॅमिल्टनचं नाव तेवढं कंसात जातं. कंस दिसला, की मासा पहिल्या प्रजातीतून हलवलाय हे जाणकार ओळखतो.

ही उठाठेव कशासाठी? 2016 मध्ये भीमेच्या पवना आणि नीरा या उपनद्यांतला, टिक्टोच्याच प्रजातीतला मासा पेथिया संजयमोलुरी ही वेगळी जाती म्हणून नोंदला गेला. तो टिक्टोच समजला गेला असता, तर ‘हा काय, सगळीकडे मिळतो’ म्हणत त्याच्या नद्यांकडे कुणी पाहिलंही नसतं. नाव चुकलं, की संरक्षणही चुकतं.

म्हणून मासे पाळणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: टाकीवर नव्या नावासोबत जुनंही लिहा आणि मासा कुठल्या नदीचा, ते दुकानदाराला आवर्जून विचारा. टाकीतला मासा मात्र वैनगंगेत कधीही सोडू नका.