ज्वरमुक्तीनंतरचे सांधे

2006 साली विदर्भातील गावोगावी चिकनगुनिया पसरला, तेव्हा शेंदूरजनाघाटला दवाखाना थाटून मला जेमतेम वर्ष झाले होते. ताप चार-पाच दिवसांत उतरे; परंतु दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री तोडणीस आली, तरी कित्येक मजुरांची सकाळी मूठ वळत नव्हती. ''ताप त गेला जी डाक्टरसाहेब, पन हात काई उठत नाही,'' ही तक्रार रोजची झाली.

त्या वर्षी देशभरात 13 लाखांहून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्राला हा विषाणू नवा नव्हता. 1973 साली बार्शीत त्याची साथ येऊन गेली होती. पण मधल्या काळात त्याची ओळख पुसली गेली, आणि कोंबडी खाल्ल्याने हा रोग होतो, असे लोक खुशाल मानू लागले.

माझी चूक मात्र सुशिक्षिताची होती. पन्नाशीच्या एका मावशींना ज्वर उतरल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी तैलाभ्यंग सुरू केला. जिव्हा साम, अग्नी मंद, सांध्यांवर शोथ. तरी वेदना दिसताच वात म्हटले. शोथ वाढला. मग तेल थांबवून वालुकास्वेद, शुंठीसिद्ध जल व लघु आहार यांवर आलो. हळूहळू उतार पडला. त्यात औषधाचा वाटा किती व काळाचा किती, हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. या व्याधीत बहुसंख्य रुग्ण काही महिन्यांत आपोआपही सुधारतात.

येथे एक गैरसमज दूर व्हावयास हवा. अशा रुग्णाची 'प्रतिकारशक्ती कमी झाली' असे आपण सर्रास सांगतो. वस्तुतः विषाणू रक्तातून साधारण आठवड्याभरात नाहीसा होतो. त्याविरुद्धची आयजीएम प्रतिपिंडे मात्र महिनोन्‌महिने सापडतात, आणि दीर्घकाळ सांधे दुखणाऱ्या काही रुग्णांत इंटरल्यूकिन-6 सारखी शोथकारक द्रव्ये वाढलेली आढळली आहेत. म्हणजे सैन्य थकलेले नाही. लढाई संपली तरी ते छावणीत परतलेले नाही. अशा वेळी बलवर्धनाच्या नावाखाली वाटेल ते देणे युक्त नव्हे.

फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावतीत कोरोनाची दुसरी लाट राज्यात इतरांच्या आधी उसळली, तेव्हा गुळवेलीच्या बाटल्यांना मागणी किती होती, हे औषधविक्रेते बंधू विसरले नसतील. त्याच वर्षी मुंबईतील वैद्यकतज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या 6 रुग्णांतील यकृतविकाराचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य करून वनस्पतीच्या ओळखीचा प्रश्न उपस्थित केला. वाद बाजूस ठेवला तरी माल कोणत्या जातीचा आहे याची खात्री करणे, आणि गिऱ्हाइकास यकृताचा विकार आहे काय हे विचारणे, ही दोन कामे दुकानातच होऊ शकतात. सांधेदुखीच्या निनावी पुड्या तर ठेवूच नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

चरकाचार्यांनी ज्वरमुक्तास बल येईपर्यंत व्यायाम, व्यवाय, स्नान व चंक्रमण वर्ज्य सांगितले आहे. रोजमजुरीवर जगणाऱ्यास हे पथ्य सर्वांत महाग पडते. म्हणून मी आता घरच्यांना बोलावून, निदान टोपली उचलण्याचे काम दुसऱ्याकडे द्या, असे सांगतो. तीन महिन्यांनंतरही शोथ टिकला, तर आरए फॅक्टर व अँटी-सीसीपी तपासून संधिवाततज्ज्ञांकडे पाठवतो.

त्या मावशी पुढे मृग बहाराच्या तोडणीला गेल्या. माझ्याकडे मात्र तेल लावून घ्यायला पुन्हा कधी आल्या नाहीत.