धरणाचा आकडा गावाच्या पानावर

पावसाने ओढ दिली की छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगर भागात घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : नाथसागरात पाणी किती? शहराची तहान मुख्यत्वे सुमारे ५० किलोमीटरवरील पैठणच्या जायकवाडी धरणावर भागते, आणि कित्येक दिवसांच्या अंतराने नळाला पाणी येण्याचा अनुभव या शहराने दीर्घकाळ घेतला आहे. त्यामुळे हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे.

धरणसाठ्याची माहिती आज संगणकावर पाहावयास मिळते. एखादे शिक्षक तो आकडा उतरवून शाळेच्या संकेतस्थळावर घालतात. हेतू चांगला असतो. परंतु आठ दिवसांनी धरणातील पाणी बदललेले असते आणि पानावरील आकडा मात्र तोच राहतो. नक्कल करण्याऐवजी मूळ माहितीफलकच आपल्या पानात बसविणे, हा यावरील उपाय होय.

हे कसे घडते? वेबपान एचटीएमएल या भाषेत लिहिले जाते. मथळा, परिच्छेद, चित्र यांसाठी या भाषेत ठरावीक खुणा असतात. त्यांना टॅग म्हणतात. ठरावीक टॅगांखेरीज स्वतःचा नवा टॅग घडविण्याचीही सोय आता आहे. २०१६ ते २०२० या काळात प्रमुख ब्राउझरांनी ती क्रमाक्रमाने स्वीकारली. अशा टॅगचे नाव रोमन लिपीतील लहान अक्षराने सुरू व्हावे आणि त्यात एक तरी जोडरेघ असावी, असा नियम आहे. भाषेच्या मूळ टॅगांशी गल्लत होऊ नये, हा त्यामागील हेतू. उदाहरणादाखल, ‘dharan-satha’ असा टॅग कोणी घडविला असे समजू. त्यासोबत जावास्क्रिप्ट भाषेतील एक लहान कार्यक्रम जोडलेला असतो. ब्राउझर त्या टॅगपाशी पोहोचला की हा कार्यक्रम चालू होतो, मूळ ठिकाणाहून आकडा मागवितो आणि फलक रेखाटतो. ठरावीक मिनिटांनी तो पुन्हा विचारणा करतो. कोणत्या धरणाचा साठा हवा, किती वेळाने नवा आकडा मागवावा, एवढेच पान लिहिणाऱ्याने टॅगमध्ये नमूद करावयाचे असते. फलक घडविणारा एक. वापरणाऱ्या पंचायती व शाळा अनेक.

परंतु आकडा जिवंत असला म्हणजे तो बरोबर समजलाच, असे नव्हे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेल्या आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या जायकवाडीचेच उदाहरण घेऊ. त्याची एकूण साठवणक्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर आहे. त्यापैकी २,१७१ उपयुक्त साठा आणि ७३८ मृतसाठा. जलाशयात १,४५५ दशलक्ष घनमीटर पाणी आहे, असे समजा. एकूण क्षमतेच्या हिशेबाने धरण ५० टक्के भरलेले आहे. उपयुक्त साठ्याच्या हिशेबाने केवळ ३३ टक्के. पाणी तेच, आकडे दोन! शून्य टक्के उपयुक्त साठा म्हणजे कोरडे धरण, हा समजही चुकीचा आहे. २०१६ व २०१९ च्या उन्हाळ्यांत उपयुक्त साठा संपल्यावरही मृतसाठ्यातील पाणी पिण्यासाठी उपसले गेले.

म्हणून अशा फलकावर चार गोष्टी अवश्य असाव्यात : आकडा कशाचा, एकक कोणते, माहिती कोणाची, आणि ती कोणत्या दिवशी किती वाजता नोंदविली. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वेबपान दर मिनिटाला ताजे होत असले, तरी धरणावरील नोंद दिवसातून एकदाच होत असेल, तर आकडा त्या नोंदीइतकाच ताजा असतो. संपर्क तुटल्यावर जुना आकडा नव्याच्या थाटात दिसत राहणे, हे आकडा नसण्यापेक्षाही वाईट. अशा वेळी ‘माहिती मिळू शकली नाही’ असे फलकाने स्पष्ट सांगावे.

फलकाचा कार्यक्रम वाचकाच्या ब्राउझरमध्ये उतरलाच नाही, तर टॅगच्या आरंभ व अंत खुणांमध्ये लिहिलेला साधा मजकूर वाचकास दिसतो. तेथे मूळ संकेतस्थळाचा दुवा द्यावा. तसेच केवळ रंगावर किंवा काट्यावर विसंबू नये. आकडा अक्षरांतही द्यावा, म्हणजे दृष्टिहीन वाचकांची वाचकप्रणाली तो मोठ्याने वाचू शकेल.

एक सावधगिरी मात्र हवी. बाहेरचा कार्यक्रम आपल्या पानात घेणे म्हणजे परक्याला घराची किल्ली देणे होय. तो पानावरील मजकूर बदलू शकतो, वाचकाने भरलेली माहितीही वाचू शकतो. म्हणून शासकीय अथवा खात्रीच्या ठिकाणचाच टॅग वापरावा. खात्री नसेल, तर आयफ्रेम या जुन्या पद्धतीने दुसऱ्याचे पान वेगळ्या चौकटीत दाखविणे अधिक सुरक्षित.

पूर्वी पंचायतीच्या कार्यालयात काळ्या फळ्यावर खडूने पर्जन्यमान लिहीत. त्या आकड्याशेजारी तारीख लिहिण्याची शिस्त होती. फळ्याची जागा पडद्याने घेतली, तरी ती शिस्त सुटता कामा नये. आपल्या गावाच्या पानावर फलक बसविणाऱ्या प्रत्येकाने आधी त्यावरील तारीख पाहावी. आकडा मग वाचावा.