देणगी, विश्वास आणि स्त्रीशिक्षण

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या संस्थांचा इतिहास आपण बहुधा एकेका थोर व्यक्तीच्या नावाने सांगतो. परंतु १८८९ ते १९५१ या कालखंडाकडे सावकाशीने पाहिले असता, या संस्था तगल्या त्या देणगीदार, कार्यकर्ते आणि विद्यार्थिनी यांच्या परस्परविश्वासावर, आणि जेथे तो विश्वास ढळला तेथे द्रव्य असूनही संस्थेचा समाजाशी असलेला सांधा निखळला, असे दिसून येते.

११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा दहा वर्षांच्या खर्चाची हमी बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने घेतली होती, आणि इकडे रानडे, भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार होते. सदन पुढे पुण्यास आले; पण मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो या आक्षेपावरून १८९३ साली सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले आणि कित्येक पालकांनी मुली परत नेल्या. तरीही सदनाचे ऋण मोठे आहे, कारण तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाहबद्ध झाली.

कर्व्यांनी १८९६ साली स्वतःच्या शिलकीतील एक हजार रुपये घालून अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापन केली, भांडारकरांना अध्यक्षस्थानी बसविले आणि सनातनी वर्गणीदारही दुरावू नयेत म्हणून पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमाच्या कारभारापासून कटाक्षाने अलग ठेवला. १९०० साली प्लेगमुळे आश्रम हिंगण्याच्या माळावरील झोपडीत गेला, तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे तास आटोपून, भर पावसात चिखल तुडवीत, आश्रमाचे सामानसुमान स्वतः वाहून नेण्याचा त्यांचा नित्याचा परिपाठ होता.

कर्व्यांच्या सहकाऱ्यांत मला सर्वाधिक मोलाच्या वाटतात त्या गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले. स्वतः विधवा असलेल्या या बाई आश्रमाच्या आधाराने उभ्या राहिल्या आणि पुढे त्याच आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. एवढेच नव्हे, तर इंग्रजी जेमतेम येत असता १९१८ साली अमेरिकेस गेल्या आणि तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी निर्वाह केला.

कर्व्यांनी १९१६ साली अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी सुरू केलेल्या महिला विद्यापीठास १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी देऊन आपल्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लाविले, आणि १९५१ साली त्यास कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळाला. परंतु ही रक्कम येण्यापूर्वी दोन तपे आश्रमाने चार-आठ आण्यांच्या वर्गण्यांवर लोकांचा विश्वास संपादन केला होता, म्हणूनच एवढ्या मोठ्या दानास तेथे भक्कम पाया मिळाला.

आज मुलींच्या शिक्षणास हातभार लावू इच्छिणाऱ्या प्रत्येक न्यासाने इमारतीच्या तरतुदीबरोबर हेही अवश्य विचारावे, की आमच्या पैशाने शिकणाऱ्या मुलींपैकी कितीजणींना उद्या संस्थेच्या कारभारात पार्वतीबाईंसारखे मानाचे स्थान मिळणार आहे.