शून्यावरची रेघ

माझ्या वाडीतल्या मजुरांची हजेरी एका लाल पुठ्ठ्याच्या वहीत असते. आला की उभी रेघ, खाडा झाला की शून्य. ही पद्धत वडिलांची, त्यांच्या आधी आजोबांची. पापनिवेदनाला गुडघे टेकले की मी प्रार्थना चुकल्याचं सांगायचो, रागावल्याचं सांगायचो, कोणाचा हेवा केल्याचंही सांगायचो. वहीबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. वही म्हणजे धंदा, त्यात देवाचं काय काम?

आम्ही वसईचे ख्रिस्ती. 1739 साली चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, आम्ही आमच्या केळी-पानवेलींसकट इथंच राहिलो. आमची मिस्सा मराठीत होते, भांडणं सामवेदीत. वाडीतलं जड काम मात्र पिढ्यान्‌पिढ्या आदिवासी गड्यांनी केलं. माझ्या लहानपणी त्यांना मागच्या अंगणात करवंटीतून चहा मिळे. पुढं सुधारणा म्हणून जर्मनचे दोन टोप आले. तेही वेगळे, मोरीबाहेर पालथे घातलेले. त्याच घरात ओटीच्या भिंतीवर क्रूस होता आणि संध्याकाळी जपमाळ चुकत नसे. यात कोणाला काही खटकल्याचं मला आठवत नाही. मलाही खटकत नव्हतं.

जव्हार-मोखाडा म्हटलं की बाहेरच्यांना 1992 सालचं वावर-वांगणी आठवतं, कुपोषणानं गेलेली मुलं आठवतात. आम्हा वाडीवाल्यांना आठवतात ती दिवाळीनंतर येणारी माणसं. भात-नागली घरात आली, खुरासनी काढून झाली की पाड्यांना कुलपं लागतात. कोणी भिवंडीकडे वीटभट्टीवर, कोणी रेतीवर, कोणी वसई-विरारच्या नाक्यावर. भट्टीचा मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. मग हंगामभर आठवड्याला नुसती खर्ची मिळते आणि हिशेब शेवटी. त्या हिशेबात काय उरतं ते मुकादमालाच ठाऊक. वेठबिगारीविरुद्धचा कायदा 1976 सालचा आहे.

गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मी तरुणपणी वाचलं. लग्नासाठी कर्ज काढून नवराबायको दोघंही सावकाराकडे राबायची, त्या लग्नगड्यांबद्दल वाचताना सावकारांचा मनापासून संताप आला होता. आपल्या वाडीतही त्याच रोपाचं एक लहानसं पान आहे, हे तेव्हा सुचलं नाही. आमच्याकडची युक्ती साधी: शिमग्याला गावी निघालेल्या गड्याचे थोडे पैसे अडकवून ठेवायचे. पैसे राहिले की माणूस परत येतो.

त्या वर्षी मीही तेच केलं. मोखाड्याचं एक जोडपं दिवाळीपासून माझ्याकडे होतं. आळी करणं, वाफे काढणं, केळीचे लोंगर उतरवणं, सगळं त्यांच्यावर. शेवटच्या नऊ दिवसांचे पैसे मी दिले नाहीत. ‘होळी करून या, मग बघू,’ म्हणालो. बाई काही बोलली नाही. गाठोडं उचललं आणि नवऱ्याच्या मागं चालू लागली.

होळी बहुतेक आमच्या उपवासकाळातच येते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत उपवास, प्रार्थना आणि दानधर्म करायचा. मी मासमच्छी सोडली होती, दानाचं पाकीटही भरलं होतं. त्या शुक्रवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवणारी बाई आली नाही, म्हणून मला उभं केलं. पाठ होता स्वर्गाकडे दाद मागणाऱ्या पापांचा. ती चार. खून त्यात आहे, आणि मजुराची मजुरी बुडवणंही आहे. लहानपणी मी हे पाठ म्हटलेलं. एका मुलानं विचारलं, ‘बुडवली नाही, नुसती उशिरा दिली तर?’ मी बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चोविसावा अध्याय उघडला. गरीब मजुराचे पैसे त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यावेत, असं तिथं स्पष्ट आहे. रोजगार हमीचा कायदाही पंधरा दिवस देतो, मोशे तेवढेही देत नाही! पोरं हसली. मला हसू आलं नाही.

पापनिवेदनात पहिल्यांदा वही निघाली. मला वाटलं, पाच-दहा ‘नमो मारिया’ म्हणायला सांगतील. फादर म्हणाले, ‘प्रार्थना नंतर. आधी पैसे पोचव.’ मी म्हटलं, ती होळीनंतर येतीलच. ते म्हणाले, ‘जक्कय लोकांची वाट बघत बसला होता का?’ आमच्या धर्मात नुसत्या पश्चात्तापानं भागत नाही, ज्याचं घेतलं त्याला परत करावं लागतं. जकातदार जक्कय चौपट द्यायला तयार झाला होता. माझी तयारी मुद्दलापुरतीच होती, हे कबूल करतो.

मनोर, विक्रमगड करत एस.टी.नं जव्हारला उतरलो तेव्हा होळीआधीचा बाजार भरला होता. भट्ट्यांवरून परतलेली माणसं पोरांना कपडे घेत होती. तिथून मोखाडा, मग जीपनं खोडाळ्याच्या अलीकडचा पाडा. वाटेत विहिरीवर हंड्यांची रांग होती. एक मुलगी तळाशी उतरून वाडग्यानं पाणी भरत होती, झरा साचायची वाट बघत. याच तालुक्यात कोचाळ्याला 102 मीटर उंचीचं मध्य वैतरणा धरण आहे, पाणी मुंबईला जातं. मुंबईला नावं ठेवायचा मला हक्क नाही. माझ्या नळाला येणारी सूर्या नदीही याच डोंगरपट्ट्यातली.

कुडाच्या घरात गेलो. बाईनं आधी पाणी दिलं, मग कोरा चहा. घरात स्टीलचे पेले तीन. एक माझ्या हातात, एक नवऱ्याच्या. तिसऱ्यातून ती आणि मुलगी आळीपाळीनं पीत होत्या. पाण्याची रांग नुकतीच बघितली होती, चहा घशाखाली उतरेना.

पैसे पुढं केले: नऊ दिवस, दोघांचा रोज चारशे-चारशे, सात हजार दोनशे. मनात म्हटलं, आता ही काहीतरी चांगलं बोलेल. तिनं नोटा आश्रमशाळेत शिकणाऱ्या मुलीकडे दिल्या. मुलीनं मोजल्या आणि आईच्या कानाला लागली.

‘दोन दिस कमी हाय, शेठ,’ बाई म्हणाली.

मी वही काढली. दोघांच्या नावापुढं दोन-दोन शून्यं होती. खाडे आहेत, म्हटलं.

‘आमी आलेलो. तुझी मोटार जळलेली. तूच परत धाडलास.’

खरं होतं. मोटार जळली, पाणी नव्हतं, काम नव्हतं, म्हणून मी फाटकातूनच परत पाठवलं होतं. पोप तेराव्या लिओंनी 1891 साली ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्रात लिहिलं आहे की मजूर कबूल झाला म्हणून मजुरी न्यायाची ठरत नाही, तिच्यावर त्याचं पोट भरलं पाहिजे. मी तर तिला कबुलीही विचारली नव्हती. नाक्यावरून उठून आलेल्या माणसाचा दिवस माझ्या फाटकाशी संपतो, दुसरं काम तोवर हातचं जातं.

परतीच्या खर्चाला दोन हजार ठेवले होते. त्यातले सोळाशे दिले. आभार कोणी मानले नाहीत. मी वही मिटायला लागलो तशी बाई म्हणाली, ‘लिही.’

मुलगी शेजारी येऊन बसली. मी पेन काढलं आणि एकेका शून्यावर उभी रेघ ओढली. ती बोट ठेवून चारही मोजत होती.