परीक्षा आणि गार पडलेली बोटे

सोयाबीन विकून पोराची फी भरावी आणि परीक्षेच्या आदल्या रात्री त्याने ‘बाबा, छाती धडधडते, मी घरी येतो’ असा फोन करावा, हा अनुभव आपल्यातील काही घरांना आहे. छत्रीबागेत खोली घेऊन राहणारा असाच एक विद्यार्थी मला भेटला. हात हातात घेतला तर बर्फासारखा गार, आणि बाहेर इंदूरचा उन्हाळा!

हे ढोंग नव्हे. भीती वाटली की बोटांतील बारीक रक्तवाहिन्या आकसतात, तळहाताला घाम सुटतो, कपाळाचे स्नायू ताठतात. बायोफीडबॅक ही पद्धत हे नकळत घडणारे डोळ्यांना दाखवते. विहिरीवरच्या मोटारीचे अँपियर मीटर आठवा. काटा चढला की मोटारीवर ताण आला, हे कळते. तसेच येथे बोटाला तापमापक लावतात किंवा त्वचेचा घाम मोजतात. आकडा पाहत विद्यार्थी श्वास मंद करतो, खांदे सैल सोडतो आणि काय केले म्हणजे बोट उबदार होते, हे हळूहळू शिकतो. मग यंत्राची गरज उरत नाही. एका दिवसात मात्र हे जमत नाही; काही आठवडे सराव लागतो.

आपल्याकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून प्राणायामाचे परिणाम यंत्रांनी मोजायला घेतले होते. इटलीतील डॉ. बर्नार्डी व सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवर केलेला प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. लॅटिनमधून जपमाळेतील ‘नमो मारिया’ म्हणताना आणि योगातील मंत्र म्हणतानाही श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला, व हृदयाची लय सुधारली. (घाईघाईने उरकलेल्या जपमाळेचा हा गुण नाही, हे मी स्वतःलाही बजावतो.)

करोनात घेतलेला ऑक्सिमीटर कपाटात पडला असेल, तर मुलाच्या बोटाला लावा. चार अंक मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा, असे दहा मिनिटे. नाडीचा आकडा त्याने स्वतः पाहावा. ‘अमक्याचा मुलगा बघ’ हे वाक्य त्या दहा मिनिटांत तरी बोलू नये.

झोपच उडाली असेल, जेवण सुटले असेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे तो बोलत असेल, तर श्वास मोजत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालतो, आणि फोन आईवडिलांनी केला तरी चालतो.