‘प्राथर्ना’ आणि सहा सेंट

आमच्या बे एरियात मराठी ख्रिस्ती कुटुंबं मोजकीच. महिन्यातून एकदा एका अमेरिकन चर्चचा मागचा हॉल मिळतो, तिथे आम्ही मराठीतून उपासना करतो. पेटी, तबला, नंतर डब्यातला पुलाव. पडद्यावर पदं दाखवायचं काम माझ्याकडे, कारण मी ‘कॉम्प्युटरवाला’. गेल्या वर्षी एका रविवारी ना. वा. टिळकांचं पद लावलं, तर त्याआधीच्या पाटीवर ठळक अक्षरांत आलं, ‘प्राथर्ना’. नातवाकडे आलेल्या नगरच्या एक आजी मोठ्याने वाचायला लागल्या आणि अडखळल्या. मी हसून म्हणालो, ‘‘फॉन्टचा घोळ आहे आजी, चालतंय. प्रभू मन बघतो.’’

सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. पुलाव खाताना हळूच म्हणाल्या, ‘‘तुझ्या पप्पांनी असं छापलं असतं का रे?’’

घोळ कुठे होता ते मला पक्कं ठाऊक होतं. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये रफार अक्षर टाइप करून झाल्यावर वर चढवायचा असतो, युनिकोडमध्ये तो ‘र्’ अक्षराच्या आधी लागतो. जुनी फाइल नव्यात आंधळेपणाने बदलली की रफार एक घर पुढे सरकतो. दुरुस्तीला पंधरा मिनिटं लागली असती. ती पंधरा मिनिटं मी दिली नाहीत आणि आळस झाकायला प्रभूचं नाव घेतलं, एवढीच ती गोष्ट.

पप्पा नगरच्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे केसमधून उचलून स्टिकमध्ये उलटे लावायचे, गॅली बांधायची, प्रूफ काढायचं. मी शाळेत असताना एकदा कुणाच्या तरी निधनाची कार्डं छापून झाली होती, दोनेकशे असतील. रात्री बांधाबांध करताना पप्पांना दिसलं की गेलेल्या बाईंच्या नावातली वेलांटी चुकली आहे. मालक म्हणाले, ‘‘राहू दे, रडणारी माणसं वेलांट्या बघत नाहीत.’’ पप्पांनी फर्मा पुन्हा खोलला. कागदाचे पैसे त्यांच्या पगारातून गेले आणि त्यावरून घरात आईचं आणि त्यांचं चांगलंच वाजलं. आईचंही चुकलं नव्हतं, त्या महिन्यात माझ्या शाळेची फी भरायची होती. पप्पांनी त्यावर काही प्रवचन दिलं नाही. रविवारी नेहमीसारखे चर्चला गेले, मागच्या बाकावर बसले.

इथल्या चर्चमध्ये ‘एक्सलन्स’वर पुष्कळ बोललं जातं. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायातलं ते वचन हमखास येतं, जे काही करता ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून मनापासून करा, अशा अर्थाचं. मला ते आवडतं आणि थोडं खटकतंही. पौलाने ते लिहिलं गुलामांना उद्देशून. ज्यांना ना पगार, ना बढती, ना शाबासकी, त्यांना तो सांगतोय की तुमच्या कामाचा खरा धनी वेगळा आहे. ते वचन मॅनेजरने ‘शनिवारीही या’ म्हणण्यासाठी वापरलं की त्याचा अर्थच उलटा होतो. चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात पौल धन्यांनाही बजावतो की न्यायाने आणि समतेने वागा. ते वचन ऑफिसच्या भिंतीवर लावलेलं मी अजून पाहिलं नाही. मार्टिन लूथरच्या नावावर फिरणारं एका चांभाराचं वाक्यही असंच हमखास येतं, आणि त्याच्या लिखाणात ते सापडत नाही. चांगल्या कामाबद्दलचं वाक्य न तपासता फॉरवर्ड करायचं, म्हणजे गंमतच.

त्यापेक्षा मला आमच्याच धंद्यातला एक माणूस जवळचा वाटतो. डोनाल्ड कनूथ, जन्म १९३८. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’चा पहिला खंड १९६८ साली आला. आम्ही कॉलेजात तो वाचला कमी आणि कपाटात ठेवला जास्त. कनूथ लूथरन ख्रिस्ती आहेत. वडील लूथरन शाळेत शिक्षक आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांच्या हातात आली. छपाईचं तंत्र बदललं होतं आणि अक्षरं त्यांना बघवेनात. गणित बरोबर होतं, वाचणाऱ्याचं काही अडत नव्हतं. तरी हातातलं पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली लिहायला घेतली, ‘टेक’. वर्षभराचं काम वाटलं होतं, जवळजवळ दहा वर्षं गेली. आणि ती त्यांनी जगाला फुकट देऊन टाकली. आज जगभरातले गणिताचे बहुतेक शोधनिबंध तिच्यातच जुळवले जातात.

पण मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची चुकांची वही. त्या प्रणालीत स्वतःकडून झालेल्या आठशेहून अधिक चुकांची यादी त्यांनी १९८९ साली छापून प्रसिद्ध केली. पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला ते २.५६ डॉलरचा चेक पाठवत. २५६ सेंट, म्हणजे सोळाच्या पायावर मोजलं तर बरोबर १००, म्हणून तो त्यांचा ‘षोडशमान डॉलर’. ‘टेक’मधल्या चुकीचं बक्षीस दर वर्षी दुप्पट करत ३२७.६८ डॉलरपर्यंत नेलं. बहुतेक जण तो चेक वटवत नसत, फ्रेम करून लावत. हे सगळं श्रद्धेपोटी केलं असं त्यांचं म्हणणं आहे असा माझा दावा नाही, ते मी माझ्या परीने वाचतोय. मात्र बायबलमधल्या बहुतेक पुस्तकांच्या तिसऱ्या अध्यायातलं सोळावं वचन घेऊन त्यांनी एक अख्खा ग्रंथ केला. त्या ५९ वचनांची भाषांतरं स्वतः केली आणि ती अक्षरांकित करायला जगभरातले सुलेखनकार जमवले. ज्याला देवाच्या शब्दाचा एक अक्षरआकारही सुमार चालत नाही, त्याला स्वतःच्या प्रोग्रॅममधली चूक लपवावीशी वाटत नसणार, असं मला वाटतं.

अर्थात यासाठी कॅलिफोर्नियापर्यंत यायची गरज नव्हती. नगरहून रेल्वेने पुण्याकडे येताना केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. आधीचं मराठी बायबल संस्कृतप्रचुर, खेड्यातल्या बाईला कळणार नाही असं, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळातून, सोप्या मराठीत, सगळा ग्रंथ उतरवला. पंधराएक वर्षं. मुक्ती सदनातल्या, समाजाने टाकलेल्या बायका खिळे जुळवायला शिकल्या, छापखाना त्यांनीच चालवला. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. आमच्या घरात मात्र पहिल्यापासून बायबल सोसायटीचंच भाषांतर, बहुतेक मंडळ्यांतही तेच. रमाबाईंचं फारसं कुणी वाचत नाही. म्हणून ते काम वाया गेलं असं मला म्हणवत नाही.

आणि हे फक्त ख्रिस्ती माणसालाच जमतं असंही नाही. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली शिकलेले जावजी दादाजी हिंदू होते. त्यांच्या निर्णयसागरचे खिळे देखणे म्हणून देशभर नावाजले गेले. सावता माळ्याला तर विठ्ठल मळ्यातच भेटला. माझ्यापुरता फरक एवढाच की मला ज्याचं नाव सांगून जगायचंय, तो स्वतः तिशीपर्यंत सुतारकाम करत होता.

आता सहा सेंट.

मी ज्या कंपनीत आहे तिथे तासावर काम करणाऱ्या लोकांच्या पगाराचं सॉफ्टवेअर बनतं. सफाई कामगार, गोदामातली माणसं, रात्रपाळीच्या परिचारिका. तीन वर्षांपूर्वी मी लिहिलेल्या भागात मिनिटांचे तास करताना दशांशाची दोन घरं ठेवून पुढचं कापलं जातं. सात तास पन्नास मिनिटं म्हणजे ७.८३३३ तास, हिशेबात येतात ७.८३. तासाला १८ डॉलर धरले तर एका पाळीत सहा सेंट कमी. वर्षाच्या अडीचशे पाळ्या धरल्या तर माणशी पंधरा डॉलर. चूक नेहमी एकाच बाजूला झुकते, घेणाऱ्याच्या नव्हे तर देणाऱ्याच्या. रिलीज झाल्यावर महिन्याभरात माझ्या हे लक्षात आलं होतं. मी नोंद केली, ‘परिणाम किरकोळ, प्राधान्य कमी’, आणि पुढच्या कामाला लागलो. कुणाची तक्रार आली नाही. सहा सेंटची तक्रार कोण करणार? पगाराची पावती वाचायला जिला वेळ नाही, तिचेच ते सहा सेंट.

त्या रविवारी रात्री मी आधी पदांच्या सगळ्या फाइली नीट केल्या. रफार एकेक करून तपासले, दोन वाजले. मग ती जुनी नोंद उघडली, ‘किरकोळ’ खोडलं आणि खाली हिशेब मांडला, किती माणसं, किती पाळ्या, एकूण किती रक्कम. चूक माझी होती आणि मला माहीत होती, हेही लिहिलं. हे वाक्य लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. व्हिसा कंपनीच्या नावावर, बायको तेव्हा सहा महिन्यांची गरोदर. तिला उठवून विचारलं. ती म्हणाली, ‘‘पाठव. आणि झोप आता.’’

कुणी ओरडलं नाही. मॅनेजरने एवढंच विचारलं, आत्ताच का? दुरुस्ती तीन दिवसांत झाली आणि पुढच्या महिन्यापासून हिशेब बरोबर होतोय. मागच्या तीन वर्षांचं काय, हा प्रश्न मी लावून धरला, तेव्हा मात्र आवाज बदलले. ते प्रकरण आता कायदा विभागाकडे आहे. दर दोन आठवड्यांनी मी एक सभ्य ईमेल पाठवतो. मागच्या बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. त्याचा याच्याशी संबंध असेलच असं नाही.

पप्पांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांना सॉफ्टवेअर कळत नाही, पण कापलेले पैसे कळतात. बराच वेळ गप्प राहिले, मग विचारलं, ‘‘छापून गेलेल्यांचं काय करणार आहेस?’’

‘‘विचारतोय, पप्पा.’’

‘‘विचारत राहा,’’ ते म्हणाले, आणि तिकडे पाऊस कसा आहे ते सांगायला लागले.